अपायाचं दूध

मी एक जुनी अ‍ॅल्युमिनियमची किटली आहे. डबा नव्हे, पिंप तर मुळीच नव्हे. मला दोन कान आहेत, घट्ट बसणारं झाकण आहे आणि पोटावर एक पोचा आहे. पोचा जन्मापासूनचा. कारखान्यात माझं पोट ठोकून गोल करणाऱ्या माणसाला मागून कुणीतरी हाक मारली, "चल रे, चहा झाला!" आणि त्याचा शेवटचा घाव भलतीकडेच बसला. चहा पिऊन आल्यावर त्याने दुसरीच किटली ठोकायला घेतली. मित्रांनो, तेव्हाच मी ठरवलं की आपण पोच्यासकट ताठ उभं राहायचं.

मला पाठवलं कोमिरलीला. खाली सपाट माळ, वर आभाळ, मध्ये वारा, आणि या तिघांच्या कचाट्यात सापडलेलं आमचं गाव. गावाच्या टोकाला बॉयलरघर. तिथे कोळसा जळायचा, पाणी तापायचं आणि नळ्यांतून घराघरांत खेळायचं. हिवाळ्यात बाहेर भिजला फडका लाकडासारखा ताठ व्हायचा, आणि घरात माणसं गंजीफ्रॉकवर बसून म्हणायची, "खिडकी उघडा, फार उकडतंय!" ही सगळी बॉयलरघराची कृपा. त्या कृपेची काजळी मात्र तिथे राबणाऱ्यांच्या छातीत जायची. म्हणून सरकारने नियम केला होता, ज्याच्या कामात अपाय आहे त्याला रोज दूध द्यायचं. गावात सगळे त्याला 'अपायाचं दूध'च म्हणायचे. आणि ते दूध डेअरीतून कोण आणायचं? मी!

दुधाने छातीतला कोळसा कसा धुतला जातो, हे मला आजवर कळलेलं नाही. दूध जातं पोटात, कोळसा बसतो छातीत, दोघांची गाठ पडणार कुठे? पण अपायाचं दूध हा मान होता. ऑफिसातले हिशेबनीस स्वच्छ खुर्चीत बसायचे, त्यांना थेंब मिळायचा नाही. ते आमच्या रांगेकडे बघून नाकं मुरडायचे. लग्न जुळवताना मुलीचा बाप हळूच विचारायचा, "मुलाला अपाय आहे ना?" आणि मुलाची आई फुशारकीने सांगायची, "भरपूर आहे!"

जागेवर ते दूध कुणी प्यायचं नाही. बरण्यांत भरून घरी न्यायचे. त्याची साय निघायची, दही लागायचं, दह्याचे कुर्त नावाचे खारट गोळे छपरावर वाळायचे आणि राहिलेलं चहात जायचं. आमच्याकडे पाहुण्यापुढे बिनदुधाचा चहा ठेवणं म्हणजे त्याला दार दाखवणंच. हिशेबनिसांच्या घरचा चहा फिका असायचा, आणि कोळसेवाल्यांच्या घरचा म्हणजे काय विचारता!

वाटप करायची कलांपिर आपा. ती कोळशाच्या सरकत्या पट्ट्यावर कामाला होती. कोळशातले दगड हाताने वेचून काढायचे, हे तिचं काम. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, हातात माझा पळा, आणि जीभ? जीभ नव्हे, कात्री! रांगेत कुणी दोनदा घुसला तर ती सगळ्यांदेखत विचारायची, "का रे, तुला अपाय डबल झाला की अक्कल निम्मी झाली?" तिचा नवरा सेइसेन याच बॉयलरवर होता. त्याची छाती आधीच गेली होती. घरी बसून तो चहा प्यायचा आणि रेडिओला शिव्या घालायचा. काम सुटलं तेव्हा त्याचं दूधही सुटलं होतं. नियम असा की अपाय कामात असतो. काम गेलं की अपायही गेला. सेइसेनच्या खोकल्याने मात्र हा नियम वाचलेला नव्हता. मग कलांपिर आपाच्या वाट्याचं दूध दोघांत आणि घर तिच्या एकटीच्या पगारावर.

बॉयलरचा मुख्य झुमागली आगा. भला माणूस, पण त्याला बाता देण्याचं वेड. गैरसमज नको, आमच्याकडे बाता मारत नाहीत, बाता देतात. जेवण झालं, प्रवास निघाला, मूल झालं, की मोठ्या माणसाने आशीर्वाद द्यायचा आणि सगळ्यांनी ओंजळ पुढे धरून ऐकायचं. शेवटी 'औमिन' म्हणून दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवायचे. हात फिरला की बोलणं पक्कं झालं, ते मोडायचं नाही. झुमागली आगाची बाता इतकी लांबायची की ऐकणाऱ्यांचे हात भरून यायचे. नवा झाडू आला तरी तो त्याला बाता द्यायचा.

असं आमचं बरं चाललं होतं. मग टेकडीवर पांढरे खांब उभे राहिले, त्यांना तीन तीन पाती लागली आणि गावात बातमी आली, आता वाऱ्यापासून वीज होणार, विजेवर पाणी तापणार, आणि वसंतात बॉयलरघर बंद.

मित्रांनो, आमचा वारा म्हणजे गावाला लागलेलं फुकटचं दुखणं. छपरं नेतो, टोप्या नेतो, एकदा तर शाळेचा फळा घेऊन गेला. त्याच वाऱ्यासाठी राजधानीहून माणसं येतात हे ऐकून गाव चाट पडलं. लोक आनंदलेही. बर्फ पांढराशुभ्र पडेल, वाळत घातलेली चादर संध्याकाळी करडी होणार नाही. वाईट काय त्यात? मलाही काही वाईट दिसेना.

वाऱ्याच्या कंपनीने येल्दोस नावाच्या तरुण साहेबाला पाठवलं. कोट चांगला, बूट चांगले, मुलगाही चांगला. बॉयलरघराच्या खाणावळीत सभा भरली. खुर्च्या कमी पडल्या आणि हा पठ्ठ्या खुशाल माझ्या झाकणावर बसला! राजधानीच्या साहेबाने माझ्या डोक्यावर बसावं हा मान की अपमान, हे ठरवण्यात माझा निम्मा वेळ गेला.

भिंतीवर चित्रं दाखवत तो म्हणाला, "आता धूळ नाही, धूर नाही, राख नाही."

"आणि आम्ही?" कलांपिर आपाने विचारलं.

"म्हणजे?"

"धूळ नाही, धूर नाही, राख नाही, तसे आम्हीही नाही का? का तुझ्या चित्रात आम्हाला जागा आहे?"

"आहे ना आपा! टेकडीवर माणसं लागणारच. तुम्हाला आधी घेऊ. फक्त तब्येतीची तपासणी होईल."

"आणि दूध?" मागून कुणीतरी ओरडलं.

येल्दोस हसला. "दूध कशाला? वाऱ्यात अपाय कुठे आहे?"

बसलेल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. बिचाऱ्याला वाटलं, आपण सगळ्यात गोड बातमी दिली.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांची गाडी आली. एका नळीत फुंकर मारायची, काटा वर गेला की पास. झुमागली आगाने फुंकर मारण्याआधी नळीला बाता दिली. तिचाही उपयोग झाला नाही; काटा जागचा हललाच नाही. कलांपिर आपाने फुंकलं आणि तिला अशी ढास लागली की नळीचं टोक उडून डॉक्टरच्या चहात पडलं. "हे धरायचं का?" तिने विचारलं. डॉक्टर म्हणाला, नाही. कोळशावर मुरलेला एकही माणूस पास झाला नाही. पास कोण झाले? हिशेबनीस! त्यांच्या छात्या काचेसारख्या साफ. ते माझ्याजवळून असे मिरवत गेले की मला झाकण आपटून घ्यावंसं वाटलं.

येल्दोस निकाल सांगायला परत आला. या वेळी तो हसत नव्हता. "नियम आहे आपा. छाती साफ लागते."

"वा रे वा! कोळशाने छाती घेतली, आणि आता तुझा वारा म्हणतो, छाती आण! आम्ही तुमची घरं उबदार ठेवत होतो तेव्हा कुणी फुंकर मारायला लावली नाही. गरज सरो नि वैद्य मरो!"

"आपा, माझ्या हातात काही नाही."

"आमच्याही नाही. म्हणजे आम्हाला वाऱ्यावर सोडलं म्हण की."

हे ती अगदी सरळपणे बोलली, पण टेकडीकडे बोट दाखवून बोलली, त्यामुळे दोघे-तिघे हसले. मग त्यांनाच आपल्या हसण्याचं वाईट वाटलं. मला तर रडूच आलं असतं. अहो, त्या बाईच्या घरात दुसरा कमावणारा नव्हता. गाव सोडून शहरात जावं तर सेइसेन जिना चढू शकत नव्हता.

पण भांडण असो नाहीतर काही असो, पाहुणा उपाशी जाता कामा नये. बॉयलरघराच्या वाफेवर मेंढी शिजली होती. उकडलेल्या पीठपट्ट्यांवर मांस पसरलेलं बेशबरमाकचं परातभर ताट आलं आणि मेंढीचं डोकं मानाने येल्दोससमोर ठेवलं गेलं. आता डोकं ज्याच्यापुढे येतं त्याने सुरी घेऊन ते वाटायचं असतं, आणि कुणाला काय द्यायचं याला अर्थ असतो. कान लहानग्यांना, म्हणजे ती सांगितलेलं ऐकतील. जीभ ज्याला चार लोकांत बोलायचंय त्याला. बायकांना मात्र जीभ कधी द्यायची नाही. त्यांना आणखी कशाला, असं पुरुषांचं म्हणणं. मी हा रिवाज केलेला नाही, माझ्यावर डोळे वटारू नका.

येल्दोस राजधानीत वाढलेला. त्याने आयुष्यात मेंढीचं डोकं पुस्तकातसुद्धा नीट पाहिलं नसावं. त्याच्या कपाळावर घाम आला. कलांपिर आपा रागावली आहे, तिला काहीतरी मऊ, चांगलं द्यावं, एवढंच त्याला कळलं. त्याने सगळ्यात मऊ तुकडा कापला आणि दोन्ही हातांनी अदबीने तिच्या ताटात ठेवला.

जीभ!

झुमागली आगाच्या नाकातून पहिला आवाज आला आणि सगळं खाणावळघर फुटलं. लोक टेबलं बडवत होते. "अरे, हिला जीभ? आणखी?" एक जण ओरडला, "साहेब, पेटत्या भट्टीत रॉकेल ओतलंत!" येल्दोस कानापर्यंत लाल झाला. "काही चुकलं का?"

"चुकलं नाही," झुमागली आगा डोळे पुसत म्हणाला, "दिलं ते दिलं. जीभ जिच्या ताटात, बोलायचा मान तिचा. आज बाता मी देत नाही. कलांपिर देईल."

ज्या माणसाने झाडूची बाता सोडली नव्हती, त्याने ही सोडली! कलांपिर आपाने शांतपणे जीभ खाल्ली, बोटं पुसली आणि ओंजळ धरली. सगळ्यांनी धरली. येल्दोसनेही धरली. एवढं त्याला येत होतं.

"वारा वाहो, पाती फिरोत, तुझ्या कंपनीची भरभराट होवो," ती म्हणाली. येल्दोसचा चेहरा खुलला.

"बॉयलर विझायच्या आत इथल्या प्रत्येक हाताला नवं काम शिकवलं जावो, आणि शिकेपर्यंत त्याची चूल पेटती राहो."

येल्दोसचा चेहरा जरा मिटला.

"ज्याची छाती खांबावर चढायला पुरत नाही त्याला जमिनीवरचं काम मिळो. खांबाला पायथा असतो, त्याला रस्ता असतो, रस्त्यावर बर्फ असतो."

आता येल्दोस आपल्याच ओंजळीकडे दुसऱ्या कुणाचे हात असावेत तसा बघत होता. खाली घ्यावेत तर बाता अर्ध्यात टाकल्यासारखं. ते तर राजधानीतलाही माणूस करणार नाही.

"अपाय वाऱ्यात नाही, हे मुला, तू खरं बोललास. अपाय आमच्या छातीत आहे. म्हणून दूध वाऱ्याला नको, छातीला मिळो. जी छाती घरी बसून खोकते तिलाही मिळो." तिने घसा खाकरला. "आणि हे सगळं करणाऱ्या मुलाच्या आईला गुणी सून मिळो. औमिन!"

"औमिन!" सगळे गर्जले. हात चेहऱ्यांवरून फिरले. येल्दोसचेही फिरले. सवय हो, दुसरं काय!

"आगा," तो घाईने म्हणाला, "पण मला एवढा अधिकार..."

"तोंडावरून हात फिरवलास ना?"

"फिरवला, पण..."

"मग झालं. चहा घे."

तो गेला, आणि मग काहीच झालं नाही. वसंत आला, बर्फ वितळलं. झुमागली आगाने बॉयलर विझवला. भट्टीपुढे ओंजळ धरून उभा राहिला, पण त्याला एक शब्दही सुचला नाही, ते मी पाहिलं. दोन तरुण भट्टीवाले दूरच्या एका खाणीवर निघून गेले. दूध बंद. मला अंगणात भंगाराच्या ढिगावर फेकलं. माझ्यात पाऊस साचला, मग चिमण्या आंघोळीला येऊ लागल्या. कोळसेवाल्यांच्या घरी चहा काळा झाला आणि त्या लाजेने लोकांनी एकमेकांकडे जाणंच सोडलं. कलांपिर आपा बाजारात कुर्त विकायची म्हणे, तेही दुसऱ्यांनी केलेले.

एके दिवशी भंगारवाल्याने मला कान धरून उचललं. तेवढ्यात रस्त्यावरून आवाज आला, "ठेव तिला खाली!"

"आपा, रिकामी तर आहे."

"रिकामी नाही. तिचं दूध यायचंय."

"कुठून? वाऱ्यातून?"

"हो, वाऱ्यातून! तुला काय करायचंय? कान सोड तिचा!"

भंगारवाला मुकाट्याने गेला. पण ती मात्र बराच वेळ माझ्या शेजारी दगडावर बसून राहिली. कलांपिर आपा गप्प बसलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली, आणि मला भीती वाटली.

तिकडे राजधानीत काय चाललं होतं ते येल्दोसने नंतर खाणावळीत सांगितलं. त्याचे वरिष्ठ पोट धरून हसले. "अरे, जेवणावळीतला आशीर्वाद म्हणजे करार आहे का?" त्यालाही वाटलं, नाही. मग त्याने घरी आईला गंमत म्हणून सांगितलं. आई हसली नाही. "बाता घेतलीस आणि मोडणार? माझ्या दारात पाऊल टाकू नकोस! त्या बाईने माझ्या सुनेचंही त्यात घातलंय, आणि तू ते वाया घालवतोस?" त्या दिवसापासून तिने त्याला बिनदुधाचा चहा द्यायला सुरुवात केली. पोटच्या पोराला! मग तो रोज वरिष्ठांच्या दाराशी जाऊन उभा राहू लागला. शेवटी तो म्हणाला, "ठीक आहे. नाही म्हणायचं तर कोमिरलीला जाऊन तुम्ही म्हणा. जेवण झाल्यावर म्हणा." वरिष्ठांनाही आया होत्या. शिवाय हिवाळ्यात टेकडीचा रस्ता कोण मोकळा करणार, हा प्रश्न होताच. हिशेबनिसांनी खोरं कधी हातात धरलेलं नव्हतं. झालं, वरिष्ठांनी बाता मान्य केली.

सगळ्यांचं सोनं झालं असं मी म्हणणार नाही. काम शिकवायला सुरुवात झाली ती बॉयलर विझल्यावर, आधी नव्हे. गेलेले ते दोघे परत आले नाहीत. पण फुंकरीची नळी आता फक्त खांबावर चढणाऱ्यांनाच लागते. झुमागली आगा विजेच्या तापघरात बसतो आणि बटणांना बाता देतो. कलांपिर आपा टेकडीच्या पायथ्याशी कोठारात आहे. हत्यारं तिच्या ताब्यात. इंजिनिअर पाना मागायला येतात आणि शिव्या घेऊन जातात.

आणि पहिल्या बर्फाच्या दिवशी मला घासूनपुसून डेअरीत नेलं. मित्रांनो, मी दुधाने भरून परत आले तेव्हा कोठाराबाहेर रांग लागली होती. पट्ट्यावरच्या बायका होत्या, भट्टीवाले होते, आणि ज्यांना कामावरून जाऊन जमाना झाला ते म्हातारेही काठ्या टेकत आले होते. कलांपिर आपा मान खाली घालून पळ्याने वाढत होती आणि प्रत्येकाला दरडावत होती, "पुढे! अपाय कसला ते बोल, पुढे सरक!"

"कोळशाचा," एक आवाज आला. "आणि थोडा तुझा."

तिने वर पाहिलं. सेइसेन! मागे दोन तरुण खांबवाले उभे होते. त्यांनीच त्याला खुर्चीसकट उचलून आणलं होतं. त्याच्या हातात घरची बशी होती. बरणी आणायची तो विसरला होता, इतक्या दिवसांत सवयच गेली होती. तिने बशीत दूध ओतलं. थोडं माझ्यावरही सांडलं. आणि त्याने ते घरी नेलं नाही. तिथेच, सगळ्यांसमोर, फुंकर मारत मारत प्यायला. शेवटी ओठ पुसून म्हणाला, "अगं, चांगलं लागतं की हे! आपण आजवर चहात का घालत होतो?"

ती हसायला लागली, हसता हसता खोकायला लागली, मग तोही खोकला, आणि रांग बिचारी थांबून राहिली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू गोष्टीच्या शेवटी सांगतात की आमची निगा राखा. मी तसं सांगणार नाही. माझं काय हो? उद्या मला वितळवलं तर माझे चमचे होतील, दाराच्या कड्या होतील, नशीब असलं तर पुन्हा किटली होईल, बिनपोच्याची. तुम्ही मोठे व्हाल, आणखी कितीतरी नवं आणाल, स्वच्छ आणाल, जरूर आणा. पण आणण्याआधी जुन्या कामावर कोण उभं आहे ते एकदा जाऊन बघा. कारण कलांपिर आपाला वितळवून दुसरं काहीही होत नाही.